बिनसतरंजीचा कार्यक्रम

दिवसभर माझे कान टेलिफोन एक्स्चेंजच्या ताब्यात असायचे आणि संध्याकाळी घरमालकांच्या. मधला वेळ, म्हणजे एक्स्चेंजपासून खोलीपर्यंत पायी यायला लागायचा तेवढाच, ते माझे होते. त्यातही निम्मा रस्ता "हॅलो सातारा, हॅलो सातारा, बोला" हे माझंच ओरडणं डोक्यात घुमत राहायचं. जिना चढून कुलूप काढावं, चपला कोपऱ्यात ढकलाव्यात आणि भिंतीला पाठ टेकून जरा बसावं, की खालून सुरू. धप्. धप्. धप्. धप्.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मूळची साताऱ्याची. बदली होऊन सांगलीला आले होते आणि मार्केट यार्डाच्या मागे, हळदीच्या एका गोदामाला लागून असलेल्या घराच्या माडीवर राहत होते. खाली घरमालक एकटेच. सैन्याच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवण्यात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. पेन्शनीत निघाल्यावरही ढोल सुटला नाही. गणपती, वराती, शाळांची संचलनं, कुणीही बोलावलं की हे ढोल गळ्यात अडकवून हजर. सगळे त्यांना हवालदार म्हणायचे, मीही तेच म्हणायचे.

जगातली प्रत्येक गोष्ट ते ठेक्यात मोजत. माणसासारखं दार वाजवणं त्यांना कधी जमलं नाही. कडी वाजली की अख्खी पलटण दारात आल्यासारखं वाटायचं. फुलपात्रातलं पाणी पिण्याआधी त्याच्यावर बोटं वाजणार, ताटात भाकरी पडायच्या आत ताट वाजणार. कोपऱ्यावर एक डबे ठोकणारा बसायचा. त्याच्या हातोडीची लय बिघडली की हवालदार वर्तमानपत्र खाली ठेवून रस्ता ओलांडून जायचे. "आरं, घाई करतुयास गड्या. दम खा. डबा काय पळून चाललाय का?" तो बिचारा मान डोलवायचा आणि हे वळले की पुन्हा आपल्या चालीनं ठोकायला लागायचा.

माझ्या चालण्यावरही त्यांचं लक्ष असे. एकदा जिन्याशी अडवून म्हणाले, "बाई, तुमी लय सलो मार्च चालताय. कुणाची मयत हाय?"

"माझीच," मी म्हटलं आणि वर गेले. त्यांना ते फार आवडलं. पुढे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

पण संध्याकाळी खालून येणारं ते धप् धप् त्यांच्या ढोलाचं नव्हतं, एका रेकॉर्डचं होतं, आणि त्या रेकॉर्डबद्दल सांगायचं तर पाचगणीपासून सुरुवात करावी लागेल. तिथल्या एका निवासी शाळेत मुलांना बँड शिकवायला ते काही महिने जात होते. शाळेतली एक गोरी बाई मायदेशी परत निघाली, तेव्हा तिने आपलं सामान वाटून टाकलं. कुणी पडदे घेतले, कुणी काचेची भांडी. हवालदारांनी एक रेकॉर्ड घेतली. तिच्या कव्हरवर तीन उपाशी दिसणारी गोरी माणसं एका भल्यामोठ्या पेटीसमोर उभी होती आणि त्या पेटीला वायरीच वायरी होत्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दचकलेच. हुबेहूब आमचा एक्स्चेंजमधला ट्रंक बोर्ड! ही माणसं गाणी करतात की कॉल जोडतात, मला कळेना. दिवसभर ज्या वायरी उपसून आणि खुपसून खांदे भरून यायचे, त्याच या लोकांनी हौसेनं लावून ठेवल्या होत्या.

रेकॉर्ड लावली की आधी नुसता तो धप् धप् आवाज यायचा. मग गिरणीचा पट्टा फिरावा तसं काहीतरी खालून सरसरत सुरू व्हायचं, त्यावर मधेच शिट्टीसारखं काही, आणि मग एक माणूस बोंबलायला लागायचा. गायचा नाही, कंडक्टरशी भांडावं तसा भांडायचा. सूर नाही, सनई नाही, पेटी नाही, तबला तर नाहीच. एक बाजू संपली की हवालदार उठून दुसरी लावायचे आणि ती संपली की पुन्हा पहिली.

मी खाली जाऊन भांडले. एकदा नव्हे, बऱ्याचदा. "अहो हवालदार, मी दिवसभर कानाला यंत्र लावून बसते. घरी आल्यावर तरी जरा शांतता नको का?" ते ऐकून घ्यायचे, आवाज कमी करायचे आणि मी जिना चढेपर्यंत तो पुन्हा होता तिथे जायचा. शेवटी मी नाद सोडला. दमलेल्या माणसाला भांडणसुद्धा फार वेळ झेपत नाही.

मग एका संध्याकाळी मी मोरीत कढई घासत होते. जळलेली होती, निघत नव्हती. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की माझा हात खालच्या धपधपीवर चालला होता. पायाचा अंगठाही हलत होता. कढई केव्हाच स्वच्छ झाली होती आणि मी घासतच होते. कुणी पाहिलं नाही ना म्हणून मी दाराकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसले तर तेच. सातारा जोड, धप्, कऱ्हाड तोड, धप्. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी खांदे कमी दुखले.

हवालदारांना इंग्रजी हुकमांपुरतंच यायचं. एकदा मला म्हणाले, "बाई, तुमचा कान लायनीवरचा हाय. ह्यो गडी काय वराडतोय जरा बगा की." घरघरणाऱ्या लाइनीवरून पलीकडच्या माणसाचं बोलणं ओळखायची मला सवयच होती. मी स्पीकरच्या पेटीला कान लावून बसले.

"तो म्हणतोय, मी कामाला जाणार नाही. मी उठणार नाही. मला हाक मारू नका."

"अन् पुढं?"

"पुढे तेच. सारखं तेच म्हणतोय."

हवालदार कितीतरी वेळ मान हलवत राहिले. "म्हंजे आपल्यातलाच हाय की ओ," ते म्हणाले. मला हसू आलं आणि मग उगाच भरून आलं. त्या महिन्यात मी सलग रात्रपाळ्या केल्या होत्या आणि नेमकं हेच वाक्य कुणाला तरी ऐकवावं असं मला रोज वाटत होतं. तिकडे कुठल्या थंड मुलखात कुणी ते बोंबलून ठेवलं होतं आणि त्यावर लोक म्हणे नाचायचे.

नाचायचे, हेच हवालदारांच्या डोक्यात बसलं होतं. पाचगणीच्या शाळेत एका शनिवारी त्या बाईने हीच रेकॉर्ड लावली होती आणि हॉलमधली सगळी मुलं नाचायला लागली होती. हवालदार दारात उभे. ते मला सांगताना त्यांनी दोन्ही हात पुढे धरून दाखवले. "माणसं नाचत हुती अन् माझ्या हातात काय बी न्हवतं. जलमात पयल्यांदा. काठी न्हाई, ढोल न्हाई. मला समजंना, ह्या हातांचं करायचं काय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस आयुष्यात कधी नाचलाच नव्हता. माणसं नाचतात तिथे तो नेहमी हजर असायचा, पण ढोलाच्या मागे. स्वतःच्या लग्नातसुद्धा. ती हकिगत यार्डातले लोक त्यांना वरचेवर सांगायला लावत. कोरेगावकडच्या एका गावी वरात निघालेली, हे बाशिंग बांधून घोड्यावर. बँडवाल्यांचा ढोलकरी सकाळपासूनच झिंगलेला, ठेका कधी पुढे पळतोय, कधी मागे राहतोय. यांना घोड्यावर बसवेना. मारुतीच्या देवळापाशी उतरले, त्याच्या गळ्यातला ढोल काढून आपल्या गळ्यात घातला आणि बाशिंगासकट वाजवत सुटले. घोडा आपला चालत पुढे गेला. मांडवाच्या दारात नवरीकडच्या बाया ओवाळायला ताट घेऊन उभ्या, तर घोडा आला, नवरदेव नाही. बायको पुढे जन्मभर म्हणायची, "माझं लगीन घोड्यासंगं लागलं."

लोक इथे पोट धरून हसायचे. पुढचं त्यांनी मला एकटीला सांगितलं. लेकीच्या लग्नात बायको आजारी होती, खुर्चीवर बसवून ठेवली होती. तिने वरात निघताना यांना जवळ बोलावलं. "आज तरी ढोल कुणाला तरी द्या. लेकीच्या म्होरं नाचा. मला बगायचंय." हे म्हणाले, हो. पण ढोल दुसऱ्याच्या हातात दिला आणि पहिल्याच गल्लीत परत घेतला. त्याचा हात जड होता म्हणे. बायको त्याच साली गेली.

"वाजिवणाऱ्याचं लय हाल असत्यात बाई," ते म्हणाले. "दंड भरून येत्यात, खांद्याला पट्टा काचतोय. नाचणाऱ्याला त्ये दिसत न्हाई, पर मला ठावं हाय न्हवं? दुसरा कुणी वाजवाय लागला की मला त्येचं हातच दिसत्यात. मग पाय उचलत न्हाई. ह्या रेकाडीत वाजिवणारा माणूसच न्हाई. मशीन हाय, ती दमत न्हाई. कुणाची कीव कराय नगं. हिच्यावर नाचीन मी. पर येकटा कसा नाचू? येकटा नाचला तर लोक मिरजंच्या येड्यांच्या दवाखान्यात न्हेत्याल."

म्हणून त्यांनी माणसं जमवायचं ठरवलं. शेजारचं गोदाम त्यांच्या आतेभावाचं होतं आणि नवी हळद येईपर्यंत रिकामंच असायचं. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. यार्डातले हमाल, त्यांचे मुकादम, गल्लीतली बिऱ्हाडं, माझ्या एक्स्चेंजमधल्या बाया. गोदाम झाडून घेतलं, मंडळाकडून मोठी सतरंजी आणून अंथरली, मधोमध टेबलावर रेकॉर्ड प्लेअर.

लोक आले. चपला बाहेर काढल्या, एका बाजूला पुरुष आणि एका बाजूला बायका अशा मांड्या घालून बसले. कुणीतरी प्लेअरला हार घातला, नारळ फोडला. मुकादमांनी विचारलं, "अध्यक्ष कोण?" गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या गृहस्थांना खुर्ची दिली गेली. मग रेकॉर्ड लागली आणि सगळे माना खाली घालून, अतिशय आदराने, एक अख्खी बाजू ऐकत बसले. तो माणूस बोंबलायला लागला तेव्हा एक आजी हळूच म्हणाल्या, "कुणी वारलं का ह्येचं?" हवालदार टेबलाशी उभे राहून "उठा की, नाचा की" म्हणत होते, पण अध्यक्ष बसलेले असताना उठणार कोण? बाजू संपली. टाळ्या झाल्या. मुकादमांनी आभार मानले आणि चहा कुठे आहे ते विचारलं.

सगळे गेल्यावर हवालदार सतरंजी गुंडाळत होते. मला वाटलं आता हा विषय मिटला, आणि मी सुटले असंही वाटलं. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललेलं. "बाई, सतरंजी घातली तितंच घोळ झाला. आपला माणूस सतरंजी दिसली की बसतोय बगा."

आता दिवस थोडे होते. कोरेगावची लेक बरेच दिवस मागे लागली होती की एकटं राहू नका, माझ्याकडे या. संक्रांत झाली की न्यायला येणार होती. नवी हळदही त्याच सुमाराला यार्डात यायला लागणार, म्हणजे गोदामही जाणार. आणि एकदा लेकीच्या घरी गेल्यावर नाचायचं नाव काढायची सोय नव्हती. व्याही-विहिणीच्या घरात, जावयाच्या समोर, मुलीचा बाप नाचतो आहे, हे आमच्याकडे कुणाला सुचणारसुद्धा नाही. "तितं मी पावना," ते म्हणाले. "पावन्यानं चहा प्यायचा अन् पेपर वाचायचा." झालंही तसंच. कोरेगावात ते पुढे पुष्कळ वर्षं चहा प्याले आणि पेपर वाचत बसले. रेकॉर्ड प्लेअर तर त्यांनी इथून नेलाच नाही.

तेव्हा संक्रांतीनंतरचा रविवार शेवटचा. मी माझ्या पाळीतल्या बायांना पुन्हा गळ घातली. त्या म्हणाल्या, पुन्हा ते भजन का? एकीचे पाय सुजलेले, एकीच्या सासूबाई घरात आजारी. तरी आल्या. यार्डातले लोकही आले, दुपारपर्यंत गाड्या भरून अंग मोडलेले. लेक सकाळीच कोरेगावहून आलेली. बापाच्या ट्रंकेला कुलूप लावून तीही दाराशी येऊन उभी राहिली, कपाळाला आठी घालून.

यावेळी सतरंजी नव्हती, खुर्ची नव्हती. गोदाम झाडलेलंही नव्हतं. वर्षानुवर्षांच्या पोत्यांमधून सांडलेली हळद फरशीच्या फटीफटीत मुरलेली. हात टेकला तर पिवळा. बायकांच्या अंगावर संक्रांतीच्या नव्या काळ्या साड्या. बसणार कोण? सगळे उभे राहिले, भिंतीपासूनही चार बोटं लांब. रेकॉर्ड लागली. धप्. धप्.

उभ्या माणसाला ते ऐकून गप्प राहता येत नाही, हे मला माझ्या कढईमुळे ठाऊक होतं. आधी एका हमालाची मान हलायला लागली. मग टाच. त्याने लहानपणी लेझीम खेळलेली असणार, कारण जरा वेळाने तो हातात काही नसताना लेझमीचे हात करायला लागला. त्याच्या शेजारचा हसला आणि त्यानेही सुरू केलं. सुजलेल्या पायांची आमची बाई माझा हात धरून म्हणाली, "अगं, हे थांबतच नाही," आणि फुगडीला ओढावं तसं तिने मला ओढलं. मग कोण कधी मिसळलं ते कळलंच नाही. त्या गाण्यात थांबायला जागाच नव्हती, लाजायला तरी कुठून असणार? तो गोरा माणूस मी उठणार नाही म्हणून बोंबलत होता आणि सकाळपासून ओझी वाहिलेली माणसं त्यावर उड्या मारत होती. पायाखालून हळदीची धूळ उठली. छपराच्या काचेतून ऊन पडत होतं, त्यात सगळं गोदाम पिवळं झालं. कुणी शिंकत होतं, कुणी हसत होतं. मला माझे दुखरे खांदे आठवत नव्हते.

आणि हवालदार? ते टेबल धरून उभे होते. एवढी माणसं नाचायला लागल्यावर फरशी हादरत होती आणि सुई उडत होती. म्हणून ते दोन्ही हातांनी टेबल दाबून धरून, मान वळवून, आमच्याकडे बघत होते. इथेही त्यांचे हात अडकलेच. मी घोळक्यातून बाहेर आले. धापा टाकत त्यांना म्हटलं, "सोडा. मी धरते."

"तुमी नाचा की. तुमास्नी बरं वाटतंय."

"मी दमले," मी म्हटलं. तेही काही खोटं नव्हतं.

त्यांनी टेबल सोडलं. धोतराचा सोगा खोचला, मिशीवरून हात फिरवला आणि मधे गेले. लोकांनी जागा दिली. त्यांनी एक पाय उचलला, संचलनात उचलतात तसा, गुडघ्यातून ताठ. मग दुसरा. आणि तेवढ्यात लाईट गेली.

तो बोंबलणारा माणूस घोगरा होत होत, रेड्यासारखा हंबरून बंद पडला. सगळे आहे तिथे थांबले. इतक्या माणसांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. कुणालाच थांबायचं नव्हतं. हात अजून वर होते. मुकादम म्हणाले, "हवालदार, ढोल काढा तुमचा!"

"व्हय व्हय! वाजवा हवालदार!"

ढोल घरातच होता. दोघं पळत गेले, घेऊन आले आणि पट्टा धरून त्यांच्यापुढे उभे राहिले. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. आजवर नेहमी असंच झालं होतं. मी पाहिलं, त्यांचा उजवा हात आपोआप काठीकडे गेला. बोटं काठीला लागली.

"न्हाई," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आवं, येकच डाव. लाईट येईस्तवर."

"न्हाई म्हंतो न्हवं. ठेवा त्यो बाजूला."

आणि त्या शांततेत ते नाचायला लागले. वाजत काहीच नव्हतं. गुडघे ताठ, कोपर बाहेर, हातांचं काय करायचं ते अजून कळत नव्हतं, म्हणून ते नुसतेच वर गेलेले. फरशीवर त्यांच्या पावलांचा तेवढा आवाज. कुणी हसलं नाही. बघायलाही जरा अवघड वाटत होतं. दाराशी लेकीचा चेहरा रडवेला झाला. ती पुढे येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, बास करा. लोक बगत्यात."

"बगू दे की," हवालदार नाचता नाचता म्हणाले. "मी लय बगितलंय त्यास्नी."

लेकीने तोंडाला पदर लावला. ती मागे सरली नाही, तिथेच उभी राहिली. त्यांना दम लागला होता, डोक्यावरचे पांढरे केस पिवळे झाले होते, आणि ते तिच्यासमोर नाचत होते.

मग लाईट आली. माझ्या हाताखाली तबकडी कण्हत फिरायला लागली आणि तो आवाज पुन्हा चढला. धप् धप् सुरू झालं ते भलत्याच ठिकाणी. हवालदारांचा पाय एकीकडे आणि ठेका दुसरीकडे.

"हवालदार, ताल चुकला!" कुणीतरी ओरडलं.

त्यांनी ऐकलं. आयुष्यभर दुसऱ्याचा चुकलेला ताल सहन न झालेल्या त्या माणसाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि तसाच, चुकीच्या पायावर, नाचत राहिला. बाकीची माणसं त्याच्याभोवती हळूहळू हलायला लागली. फरशी पुन्हा हादरली, सुई उडायला बघत होती. मी टेबल दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं.